निंबाची खालची फूट

चैत्रात निंबाला तांबूस पालवी येते तेव्हा लोक मान वर करून बघतात. माझी मान खाली जाते. कॅनॉलच्या कडेने जाताना, पांडेसऱ्याकडे मिलच्या भिंतीला लागून, कुठेही निंब दिसला की मी आधी त्याचा बुंधा न्याहाळते. सोट एकच आहे की दोन, थेट जमिनीतून निघालाय की मध्येच कुठून, बुडाशी जुन्या खुंटाचं टेंगूळ आहे का. एवढी चौकशी झाली की मग वर पालवीकडे बघते. माझा नवरा म्हणतो, "तू झाड बघतेस का जावई?" मी म्हणते, जावई बघायला एवढं वाकावं लागत नाही.

ही सवय तीन वर्षांपूर्वीच्या एका चैत्राने लावली. त्याआधी मला झाडातलं काडीचंही कळत नव्हतं. निंब म्हणजे पाडव्याला पाला, घरात कोणाला गोवर आला तर उशाशी डहाळी आणि बाकी वर्षभर सावली, एवढीच ओळख. सुरतेत येऊन मला वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांत मी झाडाकडे बघितलं असेन ते ऊन कुठवर आलं हे ठरवायला.

आमची गल्ली नवागामात, डिंडोलीच्या अंगाला. दोन्ही बाजूंनी एकाला एक चिकटलेली घरं, वर पत्रे आणि मागच्या बाजूला लूमचं खातं. शेडला इथे सगळे खातंच म्हणतात. त्याचा खटखटाट इतका अंगवळणी पडलाय की वीज जाऊन लूम थांबले तर आम्ही दचकतो. गल्ली मध्यावर जराशी रुंदावते, तिथे तो निंब होता. कोणी लावला, कोणालाच माहीत नाही. त्याच्याखाली आम्ही आठ बायका रोज दुपारी साड्यांवर खडे चिकटवायला बसायचो. घरात हे काम होत नाही असं नाही. पण पत्र्याखाली गोंदाचा वास डोक्यात जातो, पंखा लावावा तर खडे उडतात, नाही लावावा तर घामाचा थेंब साडीवर पडून डाग राहतो. निंबाखाली वारा बेताचा आणि उजेड पुरेसा. शिवाय गप्पा. कोणाच्या सासूने काय केलं, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, वर्ध्याकडे भाजीत काय घालतात आणि आम्ही खान्देशात काय घालतो, यावर आमची रोज वादावादी व्हायची. हात खड्यांवर आणि तोंड मोकळं, असं ते काम होतं.

माघात झाड गेलं. ड्रेनेजची नवी लाइन यायची होती, फांद्या तारांना लागत होत्या. कागद रीतसर होते, आलेली माणसं सभ्य होती, राग काढावा असं कोणी समोर नव्हतं. सकाळी करवतीचं मशीन सुरू झालं आणि जेवणवेळेपर्यंत आकाश दिसायला लागलं. आमच्या गल्लीवर एवढं मोठं आकाश असेल याची मला कल्पना नव्हती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. गुडघ्याएवढा खुंट तेवढा उरला. तो नंतर काढू, म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आठ जणी आठ घरांत बसलो. मी ओला पंचा डोक्यावर टाकून खडे चिकटवायची आणि मधेच मला रडू यायचं. साडीवर पडू नये म्हणून मान वळवून रडायची. आज हे सांगायला लाज वाटत नाही. आमच्या त्या बैठकीला काही नाव नव्हतं, मंडळ नव्हतं, त्यामुळे ती मोडली म्हणून कोणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती. समोरच्या घरातली सुनंदा, वर्ध्याची, माझी रोजची भांडखोर मैत्रीण, ती महिनाभर फक्त पाणी भरताना भेटली.

त्यातच गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. समोरच्या ओळीतल्या रंजनबेन आमच्या गल्लीच्या मुखत्यार. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही, पण पाण्याची वेळ, साफसफाईचा दिवस, गणपतीचा मांडव कुठे घालायचा, सगळं त्याच ठरवतात. ओलपाडकडच्या पक्क्या सुरती. मन स्वच्छ आणि आवाज खणखणीत. त्यांनी जाहीर करून टाकलं, "जे दाडे ब्लॉक आवशे, ते दाडे ठूंठुं जशे." म्हणजे ब्लॉक येतील त्या दिवशी खुंट जाणार. ब्लॉक कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आज येतील, या महिन्यात येतील, होळीनंतर येतील. खुंटाची मुदत म्हणजे एवढीच.

इथे आमचे आबा मध्ये पडले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी तीस वर्षं बमरोलीला लूम चालवले आणि कान तिथेच ठेवून आले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडा, नाहीतर लिहा. ओरडून सुनेने सासऱ्याशी बोलावं हे बरं दिसत नाही, म्हणून मी लिहिते. समोर असले तर पाटीवर, नसले तर साडीच्या कडेची उरलेली पट्टी घेऊन तिच्यावर मार्करने लिहायचं आणि वस्तूला बांधून ठेवायचं. डब्याला "गोळी जेवणानंतर", दाराच्या कडीला "बाजारात गेले". आमच्या घरात सगळ्या वस्तूंच्या गळ्यात पट्ट्या असतात.

सुरतेला येण्याआधी, तरुणपणी, आबा चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात कूपवर मजुरीला जायचे. तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. साग तोडायचा, खुंट राखायचे आणि त्यांना पुन्हा फुटू द्यायचं, असं ते काम. आम्ही हे लग्नापासून ऐकत होतो, आणि ऐकीव गोष्टीला जितका मान द्यावा तितकाच देत होतो. एका सकाळी आबा खुंटापाशी उकिडवे बसलेले दिसले. नखाने साल जराशी खरवडून त्यांनी मला बोट दाखवलं. आत हिरवं होतं.

"झाड मरेल नही शे," ते म्हणाले. "झोपेल शे." मेलेलं नाही, झोपलंय.

मी पाटीवर लिहिलं, ब्लॉक येणार, खुंट काढणार. त्यांनी वाचलं आणि पाटी परत दिली. "येऊ दे. त्याना पहिले झाड वर ई जाई." त्याआधी झाड वर येईल.

त्यांनी सुताराकडून करवत आणि वाकस मागून आणला. मशीनने खुंटाचा माथा सपाट सोडला होता आणि एका बाजूची साल हातभर फाटली होती. सपाट माथ्यावर पाणी साठतं, साठलं की आत कुजतं, आणि फाटलेल्या सालीतून किडे शिरतात. आबा आणि माझा नवरा, दोघांनी दोन रविवार करवत ओढून खुंट घोट्याच्या उंचीवर आणला. मग आबांनी वाकसाने माथा एका अंगाला उतरता तासला, घरावरच्या पत्र्यासारखा, पाणी वाहून जाईल असा. सालीची कड चारी बाजूंनी धारेने साफ केली, कारण फूट येते ती त्या कडेतून आणि त्याच्याही खालून. सत्तरीचा माणूस गल्लीच्या मध्यभागी मांडी घालून एका थोटकाची निगा राखत बसला होता. सुनंदा पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबली. "काहून वो ज्योती, आबा मेलेल्याची हजामत करून राहिले का?" आबांना ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी हसलेसुद्धा. तोवर माझाही विश्वास बसलेला नव्हता.

पाडवा आला. गुढीला बांधायला निंबाचा पाला दुसऱ्या गल्लीतून मागून आणावा लागला. रंजनबेनही त्याच रस्त्याला दिसल्या, हातात पिशवी. चैत्रात निंबाच्या मोराचा, म्हणजे फुलांचा, कडू रस करून प्यायची या लोकांची रीत. दरवर्षी आमच्या निंबाचा मोर काढून त्या गल्लीभर वाटीवाटी पाजायच्या, तोंड वाकडं करणाऱ्याला दोनदा. त्या वर्षी त्यांनी पिशवी पदराखाली धरली होती.

रामनवमीच्या आसपास एका सकाळी झाडताना मला सालीच्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढा फुगीर ठिपका दिसला. तांबडा. बाजूला आणखी एक. पुढे आणखी चार. मी झाडू तिथेच टाकून खाली बसले. दृष्ट लागेल म्हणून दिवसभर कोणाला बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून गल्लीभर गूळ वाटला. लोकांनी गूळ खाल्ला आणि काय झालं ते विचारलं. खुंट फुटला, मी सांगितलं. त्यांना वाटलं, बाईला ऊन लागलं.

दरवर्षी या दिवसांत ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. आज हे लिहिताना बाहेर चैत्राचंच ऊन आहे आणि मागच्या खात्यात लूम चालू आहेत. त्या पहिल्या फुटव्यांचा रंग मात्र मला अजून कुठल्या साडीत सापडलेला नाही, आणि साड्या मी कमी पाहिलेल्या नाहीत. ओल्या विटेच्या जवळचा, पण आत उजेड असलेला. हाताला इतका मऊ लागायचा की बोट लावून मीच घाबरायची.

पंधरा दिवसांत खुंटाभोवती फुटव्यांची झालरच लागली. वैशाखात त्यातले दोन, माथ्याच्या कडेवरून निघालेले, माझ्या कमरेला आले. मी मोडक्या कूलरच्या तीन जाळ्या भोवती उभ्या करून तारेने आवळल्या, कारण गल्लीत शेळ्या आहेत आणि कोवळा पाला त्यांना लांबून कळतो. मला वाटलं, आता हे दोन ठेवावे आणि बाकीचे काढून टाकावेत, म्हणजे सगळा जोर यांना मिळेल. मला विळा घेऊन निघालेली पाहून आबांनी हात आडवा केला. पाऊस पडेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. खाली मुळं अख्ख्या झाडाची आहेत, ती खाणारं मोठं घर आहे, आणि वर रांधणारी एवढीशी पानं. त्यातलीही काढलीस तर मुळं उपाशी मरतील. आधी सगळ्यांना फुटू दे, पाऊस लागला की निवड कर, आणि निवडताना उतावीळ होऊ नको. हे सगळं त्यांनी अहिराणीत, एवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं की गल्लीतल्या सगळ्यांचंच शिक्षण झालं.

मग त्यांनी मला खाली वाकवून एक फूट दाखवली. पूर्वेच्या अंगाला, खुंटाच्या अगदी बुडाशी, अर्धी मातीत. बोटभर उंच, चार पानं, आणि तीही रुसल्यासारखी.

"खालनी फूट ठेव. वरनी उपरी शे."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आबांची नजर गेली. मला उंची हवी होती. ब्लॉक उद्या आले असते तर मी रंजनबेनना काय दाखवणार होते, बोटभर निंब? झाड वाटेल असं काहीतरी उभं असलं तरच ते वाचेल, असा माझा हिशेब होता. चार पानांच्या फुटीसाठी कोणी ब्लॉकवाल्याला थांबवत नाही. पाटीवर मी लिहिलं, "बरं." आणि मनातल्या मनात त्या दोन उंच फुटी पक्क्या करून ठेवल्या.

आषाढात तीन-चार चांगले पाऊस झाल्यावर आम्हाला सगळ्यांना अमळनेरला एका बारशाला जायचं होतं. नेमक्या त्याच रविवारी रंजनबेनने गल्लीच्या सफाईचा दिवस धरला. मी निघण्याआधी त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, "रंजनबेन, खुंटाजवळ साफ केलं तर चालेल, फक्त मी पट्टीवर लिहिलंय तसं करा." त्या म्हणाल्या, "सारुं, सारुं." मी घरी येऊन साडीच्या किनारीच्या दोन पट्ट्या घेतल्या. पट्ट्या आखूड होत्या, म्हणून लांबलचक काही न लिहिता एकच शब्द लिहिला. "वाढ." ही झाडाची वाढ आहे, हिला वाढू द्या, असं मला म्हणायचं होतं. दोन्ही उंच फुटींच्या गळ्यात पट्ट्या बांधल्या, त्यांची पानं जराशी कुरवाळली आणि रिक्षात बसले.

तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा त्या दोन फुटी माझ्या उंबऱ्यावर नीट आडव्या ठेवलेल्या होत्या. पट्ट्या गळ्यात तशाच. मी कुलपात किल्ली घातलेली होती, ती फिरवायची राहून गेली.

रंजनबेन समोरून पदराला हात पुसत आल्या. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "जुओ ज्योतीबेन, केवुं सरस वाढ्युं छे. एक घामां." बघा, किती छान कापलंय, एका घावात.

त्या वेळी मी त्यांना जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुम्हाला हे झाड नकोच होतं, हे त्यातलं सौम्य वाक्य. त्या आधी गोंधळल्या, मग त्यांचं तोंड उतरलं. खाली वाकून त्यांनी पट्टी उचलली आणि माझ्यासमोर धरली. "तमे ज तो लख्युं हतुं ने. वाढ. एटले में वाढी नाख्युं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो फार उशिरा पडला. गुजरातीत वाढवुं म्हणजे कापणं. गवत वाढतात, म्हणजे कापतात. दवाखान्याच्या पाटीवर वाढकाप लिहिलेलं असतं, म्हणजे ऑपरेशन. लग्न होऊन आले त्या वर्षी एका पंगतीत मी सुरती शेजारणीला "भात वाढा" म्हटलं होतं आणि ती हातात डाव घेऊन भाताकडे बघत राहिली होती, ती गोष्ट मीच हसत हसत शंभरदा सांगितली आहे. अक्षरंही दोन्हीकडची जवळपास सारखीच, आमच्यात वर रेघ असते एवढंच. वीस वर्षं मी हा शब्द त्यांच्या अर्थाने बाजारात वापरला, आणि ज्या दिवशी अर्थाला खरी किंमत आली त्या दिवशी हात आईच्या भाषेत चालला. त्या बिचारीने माझा शब्द इमानेइतबारे पाळला होता. बाकीच्या एकाही फुटीला तिने धक्का लावला नव्हता.

हे कळूनही मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चूक आपली आहे हे कळल्यावर राग जास्त टिकतो, निदान माझा तरी. खुंटाकडे बघवत नव्हतं. कमरेपर्यंत आलेलं माझं झाड चुलीजवळ वाळत पडलं होतं आणि ब्लॉक श्रावणाआधी येणार अशी बातमी होती.

आबांनी अमळनेरहून आल्यावर अंघोळ केली, चहा घेतला आणि मग खुंटाकडे गेले. दोन्ही घाव बोटाने तपासले. आणि हसायला लागले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचं हसणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"तिनी तुन्ही चूक काढी टाकी," ते म्हणाले.

मी रागाने पाटीवर लिहिलं, चूक होती तर आधी का नाही सांगितलं? त्यांनी वाचलं. माझ्याकडे निवांत बघितलं.

"सांगेल व्हतं. बहिरा मी शे, का तू?"

मग त्यांनी मला पुन्हा खाली बसवलं आणि पुन्हा सगळं समजावलं, या वेळी मी ऐकलं. माथ्याच्या कडेवरची फूट नुसती सालीला धरून असते. ती भराभर वाढते, दिसते छान, पण खालचा खुंट आज ना उद्या आतून कुजणार आणि तिचा पाय पोकळ होणार. एक जोराचा वारा आला की सालीसकट उपटून येते. मातीलगतची फूट उशिरा उठते, पण तिला स्वतःची मुळं सुटतात. जुना खुंट कुजून गेला तरी तिचं काही अडत नाही. कूपवर त्यांचा मुकादम वरच्या फुटी राखणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

पाचव्या दिवशी रंजनबेन स्वतःहून जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पातेलं होतं, तांदळाच्या धुवणाचं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हवे कयुं राखवानुं छे? बोलीने कहो, लखता नहीं." आता कुठली ठेवायची, तोंडाने सांगा, लिहू नका. मी वाकून ती बोटभर फूट दाखवली. "आटलुं नानुं?" एवढीशी? त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. मग त्यांनी धुवण तिच्या बुडाशी ओतलं, पानांवर पडू न देता. मी म्हटलं, "रंजनबेन, मी फार बोलले." त्या म्हणाल्या, "हा, बोल्यां तो खरां." आणि पातेलं घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत तांदळाचं धुवण मोरीत जात नाही.

बाकीच्या फुटी आम्ही दोघींनी मिळून, आबांच्या देखरेखीखाली काढल्या. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. आधी कमजोर, मग एकमेकींना घासणाऱ्या, शेवटी माथ्यावरच्या सगळ्या. काढताना घाव खुंटाच्या लगत द्यायचा, वर थोटूक ठेवायचं नाही, नाहीतर तिथून पुन्हा जुडगा फुटतो. एकटी राहिल्यावर ती खालची फूट आठवडाभर काही बोलली नाही. मग जी निघाली ती निघालीच. श्रावणात गुडघा, नवरात्रात माझी कंबर, संक्रांतीला मी हात वर करून शेंडा धरत होते. ब्लॉक श्रावणातही आले नाहीत आणि दिवाळीलाही आले नाहीत. एरवी असल्या दिरंगाईला मी शिव्या दिल्या असत्या. त्या वर्षी मी देवाला नारळ फोडला.

दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठात खरी परीक्षा झाली. मागच्या गल्लीत एका दुकानापुढे करंजाचा असाच खुंट होता. आमचं बघून त्यांनीही फुटी राखल्या होत्या, चार, सगळ्या माथ्यावरच्या, आणि आमच्यापेक्षा दीडपट उंच. त्यांची उंची बघून मला वर्षभर हेवा वाटला होता. एका संध्याकाळी पावसाच्या आधीचं वारं सुटलं. पत्रे वाजायला लागले, दोऱ्यांवरचे कपडे उडाले. मी दारात उभी राहिले आणि आमचा निंब बघत राहिले. तो वाकला, शेंडा समोरच्या पत्र्याला टेकला, उठला, पुन्हा वाकला. आबा माझ्या मागे उभे होते. त्यांना वाऱ्याचा आवाज येत नव्हता, त्यामुळे ते अगदी शांत होते. वारं पडलं तेव्हा आमचा निंब सरळ उभा होता, आणि मागच्या गल्लीत करंजाच्या चारही फुटी रस्त्यावर पडल्या होत्या, एकीला तर ताटाएवढी साल चिकटलेली. मी ते बघून आले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण घरी येऊन मी आबांच्या पायावर डोकंही ठेवलं. ते म्हणाले, "आते माले चहा दे."

तेव्हापासून आबांना बोलावणी येतात. बमरोलीच्या एका देवळातला पिंपळ, कतारगामात कोणाच्या दारातली चिंच. आबा पुढे आणि मी मागून पाटी घेऊन. लोक मलाच विचारतात, कारण मला ऐकू येतं, आणि मी आबांना न विचारता उत्तर देते. एक-दोनदा ते उत्तर मी नंतर पाटीवर लिहून त्यांना दाखवलं आणि त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. माझ्या आयुष्यात मला जे मान मिळाले त्यात हा पहिला.

खुंट अजून हट्ट सोडत नाही. दर आषाढात तो नव्या फुटी काढून बघतो. मी त्या काढते. मात्र काढण्याआधी प्रत्येक फुटीचं बूड बघते, कुठून निघाली ते. आपल्याला जे उंच दिसतं त्याच्यावर एकदम जीव लावायचा नाही, एवढं मी शिकले. सगळीकडे जमतंच असं नाही.

यंदाच्या चैत्रात निंबाला पहिला मोर आला. रंजनबेनने स्टुलावर चढून काढला आणि गल्लीभर रस पाजला, मला दोनदा. आणि त्याच आठवड्यात, तीन वर्षं येणार येणार म्हणून गाजलेले ब्लॉक घेऊन टेंपो गल्लीत शिरला.

झाड पंधरा फूट उंच आहे, बुंधा माझ्या पोटरीएवढा आहे, पण मुदत ती मुदत. मी बाहेर आले तोवर ब्लॉकवाला माणूस निंबापाशी उभा होता आणि रंजनबेन त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तो विचारत होता, "केटली जग्या छोडवानी छे?" किती जागा सोडायची. मला ते कळायला क्षणभर लागलं. काढायचं का, हे त्याने विचारलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांना तिथे खुंट दिसतच नव्हता, झाड दिसत होतं.

तो म्हणाला दोन फूट पुरे. रंजनबेन म्हणाल्या, तीन. त्यांची घासाघीस चालू असताना आबा घरातून खडू घेऊन आले. त्यांना दोघांचंही ऐकू येत नव्हतं. त्यांनी निंबाला पाठ टेकून अंगठ्याला टाच लावत पाच पावलं मोजली, खडू टेकवला आणि वाकून, मध्ये दोनदा कंबर धरून, भलंमोठं गोल रिंगण काढलं. अर्धी रुंदी त्यातच गेली. ब्लॉकवाला रंजनबेनकडे बघायला लागला. रंजनबेन रिंगणाकडे बघत राहिल्या, मग त्याला म्हणाल्या, "काकाए दोर्युं छे एटलुं." काकांनी आखलंय तेवढं.

संध्याकाळच्या आत ब्लॉक बसले. रिंगणातली माती उघडी राहिली आणि तिथले उरलेले ब्लॉक त्यांनी पुन्हा टेंपोत चढवले. आम्ही ते चढताना उभ्याने बघितले, एकीनेही जागचं हलायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साडी, गोंद आणि खड्यांचा डबा घेऊन बाहेर आले. कोणाला बोलावलं नव्हतं. पाच मिनिटांत दोघी आल्या, मग हळूहळू सगळ्या दारांतून सगळ्या आल्या, कडेवर साड्या घेऊन. सावली अजून लहान आहे. आठांपैकी तिघींना पुरली, बाकीच्या दारांच्या पायऱ्यांवर बसल्या, पण तोंड इकडे करून. सुनंदा सगळ्यात उशिरा आली. आम्ही म्हटलं, आता जागा नाही, पुढच्या वर्षी ये. "मी काहून पुढच्या वर्षी येऊ वो," असं म्हणत तिने मला कोपराने सरकवलं, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात बसली आणि काही केल्या उठायला तयार झाली नाही.